एक दाता सुटला की

चालत्या गाडीचा टायमिंग बेल्ट तुटतो तेव्हा बाहेरून फारसे काही दिसत नाही. धूर निघत नाही, तेल सांडत नाही. बॉनेटखालून क्षणभर कडकड ऐकू येते आणि इंजिन बंद पडते. चालक गाडी कडेला घेतो आणि पुन्हा सेल्फ मारतो. इंजिन फिरते, नेहमीपेक्षा हलके आणि भराभर फिरते, पण धरत नाही. म्हणून तो आणखी दोन-तीनदा सेल्फ मारून पाहतो. बेल्ट तुटताना जे व्हॉल्व्ह वाचले होते, ते कित्येकदा याच दोन-तीन प्रयत्नांत वाकतात.

या प्रकरणात तो बिघाड समजून घ्यायचा आहे आणि त्यानंतर इंजिन पुन्हा कसे बांधले जाते तेही पाहायचे आहे. त्यासाठी कोल्हापूरसारखे दुसरे गाव नाही. इंजिनाचा ब्लॉक ओतणे, पिस्टन घडवणे, बेअरिंग तयार करणे, क्रँक घासणे आणि शेवटी सगळे जुळवून इंजिन सुरू करणे ही सर्व कामे इथे एका शहराच्या परिघात होतात.

दोन फेऱ्यांना एक फेरी

मोटारीचे इंजिन चार टप्प्यांत काम करते. पिस्टन खाली येताना हवा आत घेतो, वर जाताना ती दाबतो, मग इंधन पेटते आणि पिस्टन खाली ढकलला जातो, शेवटी तो वर येत जळका वायू बाहेर लोटतो. एवढ्यात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात. या दोन फेऱ्यांत हवा घेणारा व्हॉल्व्ह एकदाच उघडतो आणि धूर सोडणाराही एकदाच. व्हॉल्व्ह उघडण्याचे काम कॅमशाफ्टचे. म्हणून क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमची बरोबर एक फेरी व्हावी लागते. क्रँकवरच्या दातेरी चाकाला जितके दाते, त्याच्या दुप्पट कॅमवरच्या चाकाला असतात ते यासाठीच. या दोन चाकांना बांधून ठेवणारा बेल्ट किंवा साखळी म्हणजे टायमिंग.

हे काम किती अखंड चालते ते साध्या हिशेबाने कळेल. गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे आणि इंजिन मिनिटाला २००० फेरे घेते आहे असे धरू. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला क्रँकचे २००० फेरे झाले. या चालीने एक लाख किलोमीटर झाले, की क्रँक २० कोटी वेळा फिरलेला असतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह १० कोटी वेळा उघडून मिटलेला असतो. यातल्या एकाही वेळी त्याला उशीर करून चालत नाही.

का चालत नाही? डिझेल इंजिनात हवा खूप दाबावी लागते. त्यामुळे पिस्टन पूर्ण वर आला, की त्याचा माथा आणि वरचे हेड यांच्यात जेमतेम एखाद्या मिलिमीटरची फट उरते, काही इंजिनांत त्याहूनही कमी. व्हॉल्व्ह मात्र उघडताना आठ-नऊ मिलिमीटर खाली उतरतो. दोघेही तीच जागा वापरतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. लेझमीच्या डावात हलगीच्या ठेक्यावर दोन गडी एकाच जागेवरून एकामागून एक जातात आणि ठेका चुकला की एकमेकांवर आदळतात, तसेच हे आहे. काही पेट्रोल इंजिनांत पिस्टनच्या माथ्यावर पुरेशा खोल खाचा असतात, त्यामुळे टायमिंग गेले तरी धडक होत नाही. डिझेलमध्ये एवढी जागा सोडणे परवडत नाही. त्यामुळे आजच्या मोटारींतल्या डिझेल इंजिनांत टायमिंग सुटले, की धडक जवळपास ठरलेलीच.

गिअर, साखळी, बेल्ट

कोल्हापूरच्या ऊसमळ्यांत विहिरीचे आणि नदीचे पाणी उपसणारी जुनी ऑइल इंजिने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना टायमिंग तुटल्याची आठवण सहसा नसेल. त्या इंजिनांत कॅम खाली, क्रँकच्या शेजारी असे आणि बहुधा थेट दातेरी गिअरनेच फिरे. तुटायला मध्ये काही नव्हतेच. जुन्या ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या मोटारींतही कॅम खालीच होता. तिथे छोटी साखळी असे आणि व्हॉल्व्हपर्यंत ढकल पोहोचवायला लांब पुशरॉड असत.

पुढे इंजिने अधिक वेगाने फिरू लागली आणि कॅम वर हेडमध्ये गेला. क्रँक तळाशी, कॅम माथ्यावर, मधले अंतर वाढले. ते जोडायला आतून मजबूत धागे घातलेला दातेरी रबरी बेल्ट आला. तो हलका असतो, आवाज करत नाही आणि त्याला तेल लागत नाही. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मध्ये बेल्ट होता, १९९८ च्या अखेरीस आलेल्या टाटा इंडिकाच्या १४०५ सीसी डिझेल इंजिनातही होता. मात्र रबराला वय असते. गाडी कमी चालली तरी उष्णतेने बेल्ट वाळतो, त्याला चिरा पडतात. ऑइल सील गळून तेल लागले की तो फुगतो आणि दाते सुटतात. बऱ्याच वेळा बेल्ट धडधाकट असतो, पण त्याला ताण देणाऱ्या टेन्शनरचे बेअरिंग जाम होते, किंवा त्याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंप अडकतो आणि जाता जाता बेल्टला घेऊन जातो.

साखळी जास्त टिकते, पण ती कधीच बिघडत नाही ही समजूत चुकीची आहे. फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन हे भारतातले याचे सर्वात ओळखीचे उदाहरण. जानेवारी २००७ पासून ते डिझेल स्विफ्टमध्ये आले, पुढे रिट्झ, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसले. मारुतीसाठी ते मानेसरला बनत असे आणि आपल्याकडे पुण्याजवळच्या रांजणगावलाही. सोळा व्हॉल्व्ह, हेडमध्ये दोन कॅमशाफ्ट आणि टायमिंगला साखळी अशी त्याची रचना. अशा इंजिनांत साखळी ताणून धरणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल वेळेवर बदलले नाही, त्यात गाळ झाला, की टेन्शनर ढिला पडतो, साखळीच्या पिना झिजतात आणि तिची लांबी वाढते. मेस्त्री याला ‘चेन वाढली’ म्हणतात. सकाळी थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड येऊ लागली, तर ती याचीच सूचना असते. वाढलेली साखळी एक दिवस एखादा दाता ओलांडून पुढे बसते. तुटण्याचीही गरज नसते. एक-दोन दाते सुटले तरी कित्येक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ पडू शकते.

पन्हाळा, जोतिबा किंवा गगनबावड्याच्या चढावर गाडी लावणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हँडब्रेक न ओढता नुसती गिअरमध्ये गाडी सोडली आणि ती मागे सरकली, तर इंजिन उलटे फिरू शकते. बंद इंजिनात ऑइलचा दाब नसतो, टेन्शनर सैल असतो, आणि आधीच वाढलेल्या साखळीला दाता ओलांडायला एवढे पुरते. आधी हँडब्रेक, मग गिअर हा क्रम चढावर कधीही सोडू नये.

धडकेनंतर आधी तपासणी

पहिला नियम एकच आहे. धावती गाडी अचानक बंद पडली आणि सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलके, मोकळे फिरू लागले, तर पुन्हा सेल्फ मारू नये, गाडी ढकलून सुरू करू नये. टो करून गॅरेजला न्यावी.

गॅरेजमध्ये चांगला मेस्त्री आधी टायमिंगचे कव्हर उघडतो. मग क्रँक हाताने, पान्याने, हळूहळू फिरवून पाहतो. कुठे अडकला तर जोर लावत नाही. गाडी सुरू होते पण धडधडते, दम नाही, अशी तक्रार असेल तर स्कॅनर लावला जातो. क्रँक आणि कॅम यांच्या सेन्सरचा मेळ बसत नसेल तर बहुतेक गाड्यांत ‘पी ००१६’ हा कोड येतो. त्यानंतर कॉम्प्रेशन तपासायचे. ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह वाकला आहे तो नीट मिटत नाही, त्यामुळे दाब धरला जात नाही. इंजेक्टर किंवा प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला, तर पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीच्या आकाराच्या ताज्या खुणा दिसतात. त्या खुणा व्हॉल्व्ह आदळल्याच्या असतात.

कोल्हापुरात आणखी एक शक्यता तपासावी लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली आणि असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अशी गाडी पुढे काही काळ चालतेही. म्हणून जुनी गाडी उघडताना वाकलेला रॉड या धडकेचा आहे की पुराचा, हा प्रश्न विचारावाच लागतो.

उद्यमनगरचा वारसा

हेड उतरले की ते गॅरेजमधून बाहेर पडते आणि मशीन शॉपकडे जाते. कोल्हापुरात हा प्रवास फार लांबचा नसतो. शिवाजी उद्यमनगर आणि वाय. पी. पोवार नगर या भागांत लेथ, बोअरिंग, ग्राइंडिंगची कामे करणारी लहान दुकाने गल्लीगल्लीत आहेत. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या हुन्नरी माणसांनी इथल्या यंत्रकामाचा पाया घातला. मोठ्या कॉलेजांच्या पदव्यांपेक्षा हातातली कला आणि यंत्र उघडून समजून घेण्याची जिद्द ही त्यांची पुंजी होती. १९६० च्या दशकात शेतीला ऑइल इंजिने हवी होती, त्या मागणीवर इथल्या फाउंड्र्या वाढल्या. ऊस, पाणी आणि ओतीव लोखंड या तीन गोष्टी या जिल्ह्यात एकमेकींच्या आधाराने मोठ्या झाल्या.

आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतून देशभरच्या वाहन कंपन्यांना सुटे भाग जातात. उचगावच्या घाटगे-पाटील इंडस्ट्रीजमध्ये इंजिनाची ओतीव कामे होतात. मेनन पिस्टन्स शिरोलीला आहे, मेनन बेअरिंग्ज गोकुळ शिरगावला, आणि किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा मोठा कारखाना कागलला. कारखान्यात शतांश मिलिमीटरात मोजायला शिकलेली माणसे पुढे उद्यमनगरात स्वतःचे यंत्र टाकतात, तेव्हा तीच शिस्त रस्त्यावरच्या गाडीपर्यंत पोहोचते. इंजिन पुन्हा बांधण्याचे काम मोजमापावरच उभे असते.

मोजल्याशिवाय बदलू नका, बदलल्यावरही मोजा

हेडमधून व्हॉल्व्ह काढले, की काही उघडच वाकडे दिसतात. बाकीचे सरळ वाटतात. त्या ‘सरळ वाटणाऱ्या’ व्हॉल्व्हनीच नंतर घात होतो. म्हणून प्रत्येक व्हॉल्व्ह व्ही-ब्लॉकवर ठेवून, डायल गेजचा काटा टेकवून फिरवला जातो. काही शतांश मिलिमीटरचे वाकडेपणही चालत नाही. असा व्हॉल्व्ह सीटवर एका बाजूनेच टेकतो, गरम वायू दुसऱ्या बाजूने निसटत राहतो आणि काही हजार किलोमीटरांत त्याची कड जळते. धडक झालेल्या सिलिंडरचे सगळे व्हॉल्व्ह बदलणे शहाणपणाचे. सगळ्याच सिलिंडरांत धडक झाली असेल तर पूर्ण संच.

वाकलेल्या व्हॉल्व्हने ज्या गाइडला धक्का दिला, तो गाइड फाकलेला किंवा चिरलेला असू शकतो. नवा व्हॉल्व्ह त्यात हलवून, गेज लावून पाहावा लागतो. मग सीट कापायची, बहुतेक इंजिनांत ४५ अंशांत, आणि पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासायचा. शेवटी पोर्टमध्ये रॉकेल किंवा पेट्रोल ओतून ठेवायचे. खालून थेंब पाझरला तर काम पुन्हा. हेडचा तळ सरळ पट्टी आणि फिलर गेजने तपासायचा. इथे मर्यादा साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर इतकी बारीक असते. तडा गेला आहे का हे रंग लावून किंवा पाण्याच्या वाटेत दाब देऊन पाहायचे. आणि तळ घासून घ्यायच्या आधी कंपनीचे पुस्तक उघडायचेच, कारण कित्येक डिझेल हेडना घासायला मनाई असते. हेड घासले की व्हॉल्व्ह पिस्टनच्या आणखी जवळ येतात.

रोलर रॉकर असलेल्या काही इंजिनांत हे छोटे रॉकर आधी मोडतात आणि व्हॉल्व्ह वाचवतात. पण मोडलेला प्रत्येक तुकडा, प्रत्येक रोलर मोजून सापडला पाहिजे. न सापडलेला तुकडा इंजिनातच आहे असे समजून चालावे.

आता खालची बाजू. ‘वरचे काम’ करून थांबायचे की ‘फुल इंजिन’ काढायचे, हा ग्राहकाच्या खिशाचा आणि मेस्त्रीच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न. त्याचे उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही. चारही पिस्टन आळीपाळीने पूर्ण वर आणायचे आणि ब्लॉकच्या माथ्यापासून प्रत्येकाची उंची डायल गेजने मोजायची. तीन सारखे आणि एक खाली असेल, तर त्याचा रॉड वाकला आहे. माथ्यावर नुसता उथळ ओरखडा असेल तर पिस्टन वाचू शकतो. रिंगेच्या खाचेजवळ तडा असेल तर नाही. सिलिंडरची झीज बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी मोजायची. रिंग जिथून परत फिरते तिथे झीज सर्वात जास्त असते. बेअरिंगचे शेल काढून पाहायचे, कारण माथ्यावरचा ठोका रॉडमधून तिथपर्यंत गेलेला असतो. क्रँकला ओरखडे असतील तर तो घासून पुढच्या साइजचे शेल घालायचे.

ऑइल चेंबर न उघडता केलेले काम अर्धवट मानावे. साखळीचे गाइड प्लास्टिकचे असतात. त्यांचे तुकडे तळाशी जाऊन ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. जाळी तुंबली की दाब कमी, दाब कमी की नवा टेन्शनरही ढिला, आणि मग नवी साखळी जुन्याच वाटेने जाते. बेल्टचेही तसेच. ज्या गळक्या सीलने बेल्ट खाल्ला तो सील तसाच ठेवून नवा बेल्ट घातला, तर दुसऱ्या बिघाडाची फक्त तारीख ठरायची राहते. तुटलेला भाग बदलला म्हणजे दुरुस्ती झाली असे नाही. तो भाग का तुटला हे सापडले आणि ते कारण दूर झाले, तरच दुरुस्ती झाली.

बांधणी

बांधायला घेण्याआधी ब्लॉकमधली बोल्टची भोके कोरडी, स्वच्छ करावी लागतात. भोकात तेल किंवा पाणी राहिले तर बोल्ट आवळताना ते दाबले जाऊन ब्लॉकला तडा देऊ शकते. हेडचे गॅस्केट पिस्टनच्या मोजलेल्या उंचीप्रमाणे निवडायचे. अनेक डिझेल इंजिनांना ते दोन-तीन जाडींत मिळते आणि जाडी कडेच्या भोकांवरून किंवा खाचांवरून ओळखतात. हेडबोल्ट मधून कडेकडे, पुस्तकात दिलेल्या क्रमानेच आवळायचे. आधी टॉर्क पान्याने ठरावीक जोर, मग ठरावीक अंश. अंशांत आवळायचे बोल्ट ताणले जातात, ते पुन्हा वापरू नयेत.

मग टायमिंग. जुन्या इंजिनांत चाकांवरच्या खुणा जुळवल्या की झाले. आजच्या बऱ्याच इंजिनांत क्रँक आणि कॅम लॉकिंग पिनांनी जागेवर पकडून मगच चाक आवळायचे असते. व्हाइटनरने खुणा करून ‘होते तसे’ बसवण्याची पद्धत इथे धोक्याची आहे, कारण ‘होते तसे’ म्हणजे दाता सुटलेलेही असू शकते. बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि त्याच बेल्टवर चालत असेल तर वॉटर पंपही एकत्र नवा घालावा. साखळीबरोबर गाइड, टेन्शनर आणि दातेरी चाके. बेल्ट मुडपू नये, पिळू नये, पान्याने उचकटून चढवू नये.

पिना काढल्यावर क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवायचा, म्हणजे कॅमची एक फेरी पुरी होते, आणि पिना पुन्हा बसतात का ते पाहायचे. बसल्या तर टायमिंग बरोबर. मध्येच कुठे अडले तर थांबायचे. इथे लावलेला जोर आठवड्याभराचे काम वाया घालवतो. यानंतर इंधन बंद ठेवून इंजिन थोडे फिरवायचे, ऑइलचा दिवा विझू द्यायचा, म्हणजे टेन्शनर आणि बेअरिंग भरतात. मगच पहिली सुरुवात. नव्या रिंगा घातल्या असतील तर पहिले काही शे किलोमीटर इंजिनाला दमवू नये, एकाच वेगात तासन् तास पळवू नये, आणि पहिले ऑइल व फिल्टर लवकर बदलावा, कारण नव्या भागांची झीज आणि उरलेला कचरा त्यात उतरतो.

मालकाने काय करावे

एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या थांबवल्या आणि भारतातले मल्टिजेटचे पर्व संपले. ही इंजिने असलेल्या गाड्या मात्र आजही कोल्हापूरच्या रस्त्यांवर, घाटांत, ऊसपट्ट्यात धावत आहेत. नवे इंजिन मिळणार नाही, तेव्हा असलेले नीट बांधणे हाच मार्ग आहे. भंगारातले ‘हाफ इंजिन’ आणून बसवणे स्वस्त वाटते, पण त्याची साखळी किती चालली आणि त्याला ऑइल किती वेळा मिळाले, हे कोणी सांगू शकत नाही.

म्हणून गाडी कामाला टाकताना मेस्त्रींकडे तीन गोष्टी मागा. जुने भाग परत मागा. मापे कागदावर लिहून मागा : व्हॉल्व्ह किती वाकले, पिस्टनची उंची किती, बोअर किती झिजला, क्रँक कुठल्या साइजला गेला. आणि बिघाडाचे कारण मागा. ज्या मेस्त्रींकडे या तिन्हींची उत्तरे आहेत, त्यांच्या मजुरीत घासाघीस करू नका. कोल्हापूरची ही कला अशाच माणसांनी टिकवली आहे आणि त्यांना रास्त दाम मिळाले तरच ती पुढच्या पिढीला मिळेल.

आणि ही वेळच येऊ नये असे वाटत असेल, तर आज गाडीचे पुस्तक उघडा. बेल्ट असेल तर तो किती किलोमीटरला आणि किती वर्षांनी बदलायचा ते पाहा आणि दोन्हींपैकी जे आधी येईल तेव्हा बदला. साखळी असेल तर सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल घाला, वेळेवर बदला, आणि सकाळची खडखड ऐकू आली तर त्याच आठवड्यात गाडी दाखवा. जुनी गाडी घेतली असेल आणि बेल्ट केव्हा बदलला याची नोंद नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरा.

बेल्टचा खर्च इंजिन बांधण्याच्या खर्चाचा लहानसा भाग असतो. तो वेळेवर करा.